पैलवानाच्या दंडाला मोठा कफ

चैत्र लागला की कोल्हापूरच्या आसपास गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या मागोमाग कुस्त्यांची मैदानं. तालमीतली मेहनत वाढते, ऊन वाढतं, आणि पोटऱ्यांत गोळे आलेली, चक्कर आलेली पोरं ओपीडीत दिसू लागतात. त्या मंगळवारी सकाळी साडेआठला एक वस्ताद आणि दोन पोरं एका दांडग्या मुलाला आधार देत घेऊन आली, तेव्हा पहिला अंदाज पाणी कमी पडल्याचाच होता.

“बैठका मारल्या, सरळ उभा राहिला आणि हौद्यातच कोसळला,” वस्ताद म्हणाले. “तोंडावर पाणी मारल्यावर उठला. पंधरा दिवसांत ही तिसरी खेप हाय, डॉक्टरसाहेब.”

वय १७, उंची १८४ सेंटीमीटर, वजन १३८ किलो. अंगावर अजून तांबडी माती. झोपवून पाय उंच केल्यावर तो नीट बोलू लागला. जीभ ओली, सकाळपासून लघवी व्यवस्थित झालेली, साखर ९४. नाडी ६०. पाणी आटलेल्या माणसाची नाडी पळते. ही निवांत चालली होती. मेहनत करताना चक्कर येणाऱ्या तरुण मुलाच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला नाही ना, हे आधी पाहायचं असतं, म्हणून ईसीजी आणि त्याच दिवशी टूडी इको केला. दोन्ही चांगले आले.

तासाभरात आई-वडील आले. आईनं पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. अम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅम. तीन आठवड्यांपूर्वी स्पर्धेच्या फिटनेस सर्टिफिकेटसाठी एके ठिकाणी बीपी तपासलं होतं, ते १५२/९६ निघालं आणि गोळी सुरू झाली. “एवढं वजन हाय म्हटल्यावर बीपी असणारच, असं म्हणालं तिथं,” वडिलांनी सांगितलं. मी विचारलं, दंडाला पट्टा कोणता बांधला होता? ते म्हणाले, “माझं बघितलं त्याच पट्ट्यानं ह्येचंबी बघितलं.”

टेप घेतला. खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध मुलाच्या दंडाचा घेर ४३ सेंटीमीटर भरला. वडिलांचा ३३.

बीपीच्या पट्ट्याला कफ म्हणतात. त्याच्या आत रबरी पिशवी असते. तिची लांबी दंडाच्या घेराच्या ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के असावी लागते. प्रौढांचा नेहमीचा कफ २७ ते ३४ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो, मोठा कफ ३५ ते ४४ साठी, आणि त्याच्याही वर मांडीचा कफ ४५ ते ५२ साठी. पिशवी आखूड पडली की हवेचा दाब मांसातून धमनीपर्यंत पुरता पोचत नाही. धमनी बंद करायला जास्त हवा भरावी लागते आणि ती जास्तीची हवा आकड्यात दिसते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२३ साली हे मोजून दाखवलं. ज्यांना सर्वांत मोठा कफ लागतो त्यांना नेहमीचा बांधला, तर वरचं बीपी सरासरी जवळजवळ २० मिलिमीटरनं जास्त येतं. म्हणजे १३० चं १५०. वेल्क्रो फुगवताना करकर वाजून सुटायला लागलं की कफ लहान आहे हे समजायला संशोधनही लागत नाही, पण गर्दीच्या ओपीडीत ते कुणी ऐकत नाही.

मोठा कफ बांधला. पाच मिनिटं आडवा ठेवून बीपी १०२/६०. उभं केल्यावर पहिल्या मिनिटाला ८२/५४, डोळ्यांपुढे अंधारी. तिसऱ्या मिनिटाला ८४/५४. उभं राहिल्यावर वरचं बीपी २० किंवा खालचं १० नं उतरलं तर ती उभं राहण्यानं होणारी घसरण धरतात, आणि इथं ती समोर दिसत होती. मग त्याला पुन्हा आडवं केलं आणि त्याच दंडाला मुद्दाम नेहमीचा कफ बांधला. १२४/८०. वडील बघत उभे होते. एक दंड, दहा मिनिटांचं अंतर, आणि २२ चा फरक.

कफ ही एकच चूक नव्हती. मुलगा त्या दिवशी जिना चढून, चहा पिऊन, बोलत बोलत तपासला गेला होता, आणि एकदाच. मापाआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवी करून यायचं, पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात हृदयाच्या उंचीला टेकलेला, आणि एकेक मिनिटाच्या अंतरानं किमान दोन मापं. या वयाच्या मुलात तर वेगवेगळ्या तीन दिवशी बीपी वाढलेलं दिसल्याशिवाय उच्च रक्तदाबाचा शिक्का मारायचा नसतो. यातलं काहीच पाळलं गेलं नव्हतं आणि त्याची किंमत पोरानं तीनदा मातीत पडून दिली.

गोळी त्याच दिवशी बंद केली. पण गोळी बंद केल्यावर दुसऱ्या दिवशीचं बीपी खरं मानायचं नाही. अम्लोडिपिन शरीरात रेंगाळतं. त्याचं प्रमाण निम्मं व्हायलाच ३० ते ५० तास लागतात. दहा-बारा दिवस थांबावं लागतं. तोवर उन्हातली मेहनत बंद, बैठकांनंतर एकदम ताठ उभं न राहता आधी गुडघ्यावर थांबायचं, असं वस्तादांना सांगितलं. त्यांनी ते नेमानं पाळून घेतलं.

बाराव्या दिवशी दंडाला चोवीस तासांचं यंत्र लावलं. दिवसा दर वीस मिनिटांनी, रात्री दर अर्ध्या तासानं माप. पट्टा फुगू लागला की हात सैल सोडून जिथल्या तिथं स्थिर ठेवायचा, एवढंच त्याला सांगावं लागतं. सरासरी दिवसा ११२/६८, रात्री ९६/५६. पहाटे उठताना बीपी आणि नाडी बहुतेकांत उसळी घेते. याच्या आलेखावर ती उसळी अगदी बेताची होती.

इथं फाइल मिटवता आली असती. वजनदार मुलांमध्ये बीपी नॉर्मल असलेली पुष्कळ असतात. एका नॉर्मल आकड्यावरून काहीही सिद्ध होत नाही. फाइल उघडी राहिली ती आईच्या एका वाक्यामुळे.

“डॉक्टरसाहेब, माझ्या माहेरात समदी अशीच. आई, भाऊ, मी. उंच आणि जड. पन बीपीची गोळी आजवर कुनी खाल्लेली न्हाई. आन् ह्यांच्याकडं जरा पोट सुटलं की बीपी आलंच.”

त्यानंतरचा अर्धा तास फक्त भुकेबद्दल विचारण्यात गेला. भूक कधीपासून एवढी? रात्री उठून खातो का? जेवल्यावर किती वेळानं पुन्हा मागतो? अन्न समोर असताना खेळ, अभ्यास, गप्पा सुचतात का? नाही म्हटलं तर काय करतो? आईनं सांगितलं, अंगावर पीत होता तेव्हापासून त्याचं पोट भरल्याचं कधी दिसलं नाही. दोन वर्षांचा असताना शेजारच्या घरात जाऊन टोपल्यातली भाकरी खायचा. पहिलीत होता तेव्हा वर्गात सगळ्यांत उंच. सगळे म्हणायचे, पैलवान होणार. खाऊ दे की. खुराक सुरू झाला: कट्ट्यावरचं दूध, बदामाची थंडाई, तुपातला शिरा, आठवड्यातून दोनदा मटण आणि पांढऱ्या रश्श्याच्या वाट्यांवर वाट्या. मुलगा इतका वेळ खाली बघत बसला होता. त्याला विचारल्यावर तो म्हणाला, “पोट भरलंय ते कळतंय, सर. पन भूक जात न्हाई.”

भुकेच्या आजाराचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही.

मूल जाड आणि उंच असेल तर थायरॉइडच्या मागे फार लागू नये, हे इथं सांगून ठेवतो. थायरॉइड कमी असणं किंवा कॉर्टिसोल वाढणं यांनी वजन वाढतं तेव्हा उंची खुंटते. लहानपणापासून अनावर भूक, वजनाबरोबर वाढलेली उंची, जाड हाडं, चरबीसोबत भरपूर स्नायू, आणि कुटुंबात एका बाजूनं तेच चित्र दिसलं, की मनात यायला हवा तो एमसी४आर या जनुकातला बिघाड. एकाच जनुकातल्या बिघाडानं येणाऱ्या स्थूलतेत हा सर्वांत जास्त आढळतो. पैलवानकीच्या गावात तो ओळखणं आणखी अवघड, कारण हा बांधा इथं कुणाला आजार वाटतच नाही.

चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं १९९४ साली ते शोधलं. चरबी जितकी जास्त, तितकं लेप्टिन जास्त. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये आर्क्युएट न्यूक्लियस नावाचा पेशींचा छोटा पुंजका आहे. तिथं दोन विरुद्ध मतांच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात. एका गटाला लेप्टिन पोचलं की तो पीओएमसी नावाच्या लांबलचक प्रथिनाचे तुकडे करतो आणि त्यातून १३ अमिनो आम्लांचं अल्फा-एमएसएच बाहेर पडतं. अशा छोट्या साखळीला पेप्टाइड म्हणतात. हे तृप्तीचं पेप्टाइड. ते पुढच्या पेशींवरच्या एमसी४आर या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेवर, बसतं आणि “पुरे” हा निरोप पोचतो. दुसरा गट एजीआरपी आणि एनपीवाय ही भुकेची पेप्टाइडं सोडतो. एजीआरपी त्याच रिसेप्टरवर जाऊन तो गप्प करतं, आणि माणूस ताटाकडे वळतो. उपाशीपोटी हा दुसरा गट जोरात असतो.

इथपर्यंतची गोष्ट फक्त भुकेची. पण एमसी४आर भुकेच्या केंद्राशिवाय आणखी कुठं कुठं आहे ते पाहिलं की बीपीशी गाठ पडते. तो मेंदूच्या देठात आहे, आणि पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशींतून सिंपथेटिक नसा, म्हणजे ताणात आपोआप नाडी आणि दाब वाढवणाऱ्या नसा, निघतात त्यांच्यावरही आहे. अल्फा-एमएसएच तिथं बसलं की हृदयाकडे, रक्तवाहिन्यांकडे आणि मुख्य म्हणजे मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या सिंपथेटिक नसांचा जोर वाढतो. मूत्रपिंडात त्याचे तीन परिणाम: दाब चढवणाऱ्या साखळीची सुरुवात करणारं रेनिन जास्त सुटतं, मीठ लघवीतून जायचं ते परत रक्तात ओढलं जातं, आणि मूत्रपिंडाच्या वाहिन्या आवळतात. तिन्हींनी बीपी चढतं. म्हणजे “जेवण पुरे” सांगणारा आणि “दाब वाढव” सांगणारा निरोप एकाच पेप्टाइडचा, एकाच रिसेप्टरवरून जाणारा. निसर्गाच्या हिशेबात हे बरोबरच आहे. अंगात साठा असेल तर खर्च करायला हरकत नाही. उपासमार असेल तर नाडी, दाब, उष्णता सगळं आवरतं घ्या.

मिसिसिपी विद्यापीठात जॉन हॉल यांच्या गटानं एमसी४आर नसलेले उंदीर पाहिले. उंदीर गलेलठ्ठ, लेप्टिन आणि इन्शुलिन दोन्ही चढलेली, तरी बीपी वाढलेलं नाही. माणसांत हे केंब्रिजच्या गटानं २००९ साली दाखवलं. एमसी४आर बिघडलेल्या स्थूल माणसांत उच्च रक्तदाब २४ टक्क्यांना. तेवढ्याच स्थूल पण रिसेप्टर शाबूत असलेल्यांत ५३ टक्क्यांना. बिघाडवाल्यांच्या चोवीस तासांच्या लघवीत नॉरअॅड्रिनॅलिन, म्हणजे सिंपथेटिक नसांतून सुटणारं रसायन, तेही कमी. त्याच अभ्यासात जाड पण निरोगी स्वयंसेवकांना एमसी४आर चेतवणारं औषध सात दिवस दिलं, तर त्यांचं बीपी वाढलं. भूक मारण्यासाठी या रिसेप्टरवर काढलेली सुरुवातीची औषधं याच दगडाला अडखळली. २०१९ साली अमेरिकेत वेगळ्याच कारणासाठी मान्यता मिळालेलं ब्रेमेलॅनोटाइड हे याच कुळातलं. ते घेतल्यावर काही तास बीपी चढतं, म्हणून काबूत नसलेल्या बीपीच्या माणसाला ते देत नाहीत.

२४ टक्के म्हणजे शून्य नव्हे. या माणसांनाही बीपी होतं. आईला हे दोनदा सांगावं लागलं.

तपासणीत पहिलं काम चोवीस तासांची लघवी. यात घोटाळे फार होतात, म्हणून तपशिलात सांगतो. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सोडून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची. तिथून पुढची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची लघवीही कॅनमध्येच. बहुतेक जण पहिली धरतात आणि शेवटची विसरतात. कॅनमध्ये तळाला आम्ल असतं, त्यामुळे थेट त्यात लघवी करायची नाही. वाफ आणि शिंतोडे भाजतात. आधी मगात धरून मग हळूच ओतायची. कॅन थंड जागी. कॉफी आणि केळी दोन दिवस आधीपासून बंद, आणि त्या काळात तालीम नाही, कारण मेहनतीनं नॉरअॅड्रिनॅलिन वाढतं आणि रिपोर्ट फसवा येतो. पहिला कॅन या मुलानं अर्धवट आणला. दिवसाची ७०० मिलिलिटर लघवी १३८ किलोच्या पोराची असू शकत नाही. शाळेत गेल्यावरची गोळा करायला तो लाजला होता. रविवारी पुन्हा केली. नॉरअॅड्रिनॅलिन मर्यादेत, पण खालच्या टोकाला.

जनुकाची तपासणी ऐकायला मोठी वाटते, करायला सोपी. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये दोन-तीन मिलिलिटर रक्त. एमसी४आरचं जनुक अठराव्या गुणसूत्रावर आहे आणि त्याची सगळी माहिती एकाच सलग तुकड्यात आहे, ३३२ अमिनो आम्लांची. त्यामुळे ते अथपासून इतिपर्यंत वाचणं सोपं जातं. अडचण रिपोर्टच्या भाषेत असते. बदल सापडला म्हणजे तो दोषी, असं नसतं. “अर्थ अनिश्चित” असा शेरा आला तर त्यावर निदान बांधायचं नाही. महिन्यानं रिपोर्ट आला. दोन प्रतींपैकी एका प्रतीत बदल, आणि तो आधीपासून रोगकारक म्हणून नोंदलेला. मग आईचं आणि मामाचं रक्त पाठवलं. दोघांतही तोच बदल. वडिलांत नाही.

सगळ्यांना एकाच सकाळी बोलावलं. आईला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की मिश्री लावून येऊ नका. तंबाखूनं अर्धा तास तरी बीपी फुगतं. आई ४१ वर्षांची, १०१ किलो, बीपी ११०/७०. मामा ४८ वर्षांचे, ११८ किलो, ११८/७६, त्यांनाही मोठा कफ. वडील ४६ वर्षांचे, ९२ किलो, नेहमीच्या कफात व्यवस्थित बसणारा दंड, तिन्ही मापं १५६/९८ च्या आसपास. चौघांत सर्वांत हलका माणूस, आणि बीपी त्यालाच.

वडिलांच्या मेंदूत काय चाललं आहे याचा अंदाज आयोवा विद्यापीठातल्या संशोधनावरून येतो. साधारण स्थूलतेत लेप्टिन चढलेलं राहतं आणि भुकेचं केंद्र त्याला दाद देईनासं होतं. पण सिंपथेटिकची वाट बहिरी होत नाही. म्हणजे भूक तशीच, आणि मूत्रपिंडाला मात्र आदेश जातच राहतात. दोन्हीकडून तोटा. लेप्टिन मुळातच नसेल तर काय होतं, हेही माहीत आहे. १९९७ साली केंब्रिजमध्ये नात्यातली दोन मुलं सापडली, आठ वर्षांची मुलगी ८६ किलो आणि दोन वर्षांचा मुलगा २९ किलो, दोघांच्या रक्तात लेप्टिन नावालाही नाही. अशा माणसांत त्या वजनाला शोभेल असं बीपी सापडत नाही. निरोप लिहिलाच गेला नाही तर, किंवा आमच्या मुलासारखा निरोप घेणाराच अर्धा बंद असला तर, चरबी कितीही साठली तरी मूत्रपिंडापर्यंत पुरती वर्दी जात नाही.

यावरून “तृप्तीचं पेप्टाइड बीपी वाढवतं, भुकेचं उतरवतं” असा नियम करावासा वाटतो. काही जागी तो बसतोही. पोटात तयार होणारं घ्रेलिन, १९९९ साली जपानमध्ये सापडलेलं, भूक लावतं आणि शिरेतून दिलं तर बीपी उतरवतं. एनपीवाय मेंदूच्या आत सिंपथेटिक शांत करतं, पण तेच एनपीवाय हातापायांच्या नसांच्या टोकांतून सुटलं की रक्तवाहिनी आवळतं. ओरेक्सिन भूक आणि जाग आणतं, आणि बीपी वाढवतं. आतड्यातून सुटणारं जीएलपी-१ तृप्ती देतं, तरी त्याच्या औषधांनी माणसाचं बीपी थोडं उतरतं. म्हणून प्रत्येक पेप्टाइड कोणत्या जागी, किती वेळ, हे पाहूनच बोलावं.

वस्तादांना यातला एक भाग फार जवळचा वाटला. वजनी गटात बसायला पोरं आठवड्यात चार-पाच किलो उतरवतात. उपाशी राहिलं की लेप्टिन चरबीपेक्षा कितीतरी वेगानं पडतं, दोन-तीन दिवसांतच. एजीआरपी-एनपीवायचा गट उसळतो, सिंपथेटिक मंदावतं, नाडी आणि बीपी खाली. त्यावर घाम काढून पाणी आटवलं की उभं राहिल्यावर चक्कर ठरलेली. ते म्हणाले, “आमी त्येला कमजोरी म्हनत हुतो.” आता तालमीत वजन उतरवणाऱ्या पोराचं बीपी आडवं आणि उभं दोन्ही मोजतात, मोठ्या कफसकट. तो कफ त्यांनी स्वतः विकत आणला.

मुलाला काय सांगितलं? पहिलं, ही भूक त्याचा हावरटपणा नाही. हे मी आई-वडिलांच्या समोर आणि वस्तादांच्या समोर मुद्दाम सांगितलं, कारण सतरा वर्षं तो उलट ऐकत आला होता. त्याची मान पहिल्यांदा वर आली. दुसरं, बीपी चांगलं म्हणजे बाकी सगळं चांगलं असं नाही. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज, ५.९, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. यकृतात चरबी. घोरणं इतकं की आई रात्री उठून बघते. त्यासाठी झोपेची तपासणी लावली. नेहमी स्थूल मुलांत वाढलेलं बीपी हीच पहिली घंटा असते आणि तिच्यामुळे बाकीच्या तपासण्या होतात. याच्या घरात ती घंटा वाजत नाही, म्हणून साखर, यकृत आणि झोप वर्षातून एकदा न सांगता तपासायची, मामांचीही.

आहारात “तोंड आवर” हा सल्ला इथं निरुपयोगी. घराची मांडणी बदलावी लागते. डबे डोळ्यांसमोर नकोत. ताट स्वयंपाकघरात वाढून बाहेर आणायचं. पातेलं पंगतीत ठेवायचं नाही. खुराकातलं दूध तीन लिटरवरून एक लिटरवर, थंडाईतली साखर बंद, पांढरा रस्सा एक वाटी, आणि मोकळी झालेली जागा उसळ, अंडी, मासे, भाकरी यांनी भरायची. मेहनत चालू. या मुलांत स्नायू चांगले असतात, कुस्ती सोडवायचं कारण नाही. वय वाढेल तशी ही भूक थोडी ओसरते, हेही खरं आहे.

“ते इंजेक्शन देता येईल का?” हा प्रश्न मार्च २०२५ मध्ये वजन उतरवणारं मौंजारो भारतात आल्यापासून रोजच येतो. एमसी४आर बिघडला तरी जीएलपी-१ ची औषधं चालतात, कारण त्यांचा बराचसा परिणाम या रिसेप्टरला वळसा घालून जातो. त्यातलं लिराग्लूटाइड १६ आठवडे दिलं तेव्हा बिघाडवाल्यांचं वजन ६.८ किलो आणि इतरांचं ६.१ किलो उतरलं. मुलाचा निर्णय अठरा पूर्ण झाल्यावर घ्यायचं ठरलं. ही औषधं देताना दोन गोष्टींवर नजर ठेवावी लागते. नाडी मिनिटाला दोन-चार ठोके वाढते. आणि बीपी उतरतं, त्यात उलट्या-जुलाब होऊन पाणी कमी पडलं तर आधीपासून बीपीची, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी घेणारा माणूस कोसळतो. डोस वाढवण्याआधी ती गोळी कमी करावी लागते का, ते दर वेळी उभं-आडवं बीपी मोजून पाहायचं.

वडिलांना मात्र गोळी लागलीच. टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम, ताटातलं वरचं मीठ, लोणचं आणि खर्डा बाजूला, आणि वजनाचं लक्ष्य ८५ किलो. साधारण एका किलोमागे वरचं बीपी एका मिलिमीटरनं उतरतं, म्हणजे सात किलोंचे सातच. तेवढ्यानं गोळी सुटणार नव्हती आणि तसं त्यांना आधीच सांगितलं. तीन महिन्यांनी ८७ किलोवर ते १३२/८४ ला आले.

त्या दिवशी मामांबरोबर त्यांचा सहा वर्षांचा मुलगाही आला होता. बाकीच्यांची मापं चालू असताना तो वाट बघण्याच्या खोलीत एका आजींच्या पिशवीतला बिस्किटांचा पुडा काढून खात बसला. मामांनी हात उगारला. मुलाच्या आत्यानं, म्हणजे आमच्या पैलवानाच्या आईनं, तो मधल्यामधे धरला. “मारू नगंस. आपलं रगत हाय ते.”

नर्सनं वय बघून कपाटातून लहान मुलांचा कफ काढला. टेप लावला तर दंड २४ सेंटीमीटर. तो कफ परत ठेवला आणि २२ ते २६ चा घेतला. ९२/५६. मामांना त्याच्या रक्तासाठी जांभळ्या झाकणाची ट्यूब दाखवली. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग त्यांनी पोराला मांडीवर घेतलं आणि त्याची बाही वर सारली.